टोपणाचा वास

परवा एका दुकानात फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला आणि मला ती दुपार आठवली. धारूरच्या डोंगराखाली आमची डाळिंबाची बाग. त्या दुपारी सातव्या महिन्यातली वहिनी झाडाखाली बसून पांढऱ्या डब्यातलं ताक घटाघटा प्यायली. डबा उचलताना मला टोपणाचा वास आला आणि मी ओरडले, "आई, हा औषधाचा डबा हाय!" आई म्हणाली, "राखेनं घासलाय की गं. एवढा चांगला डबा, भोक पाडून कशापायी फेकायचा?" घरोघर हेच! रिकाम्या डब्याला भोक पाडा, असं डब्यावरच लिहिलेलं असतं, पण औषध संपलं की डबा थेट स्वयंपाकघरात. तेवढ्यात वहिनीला मळमळायला लागलं. दादा शेजारची जीप आणायला पळाला. वहिनी पोट धरून एकच म्हणत होती, "हालत न्हाई गं. सकाळी लई नाचत होतं." दवाखान्याच्या वाटेवर जीप खड्ड्यात आदळली, तशी वहिनीनं माझा हात ओढून पोटावर दाबला. आतून लाथ बसली. "आत्याला मारलं बघ," म्हणत ती रडायलाच लागली. दवाखान्यात दोघी वाचल्या; पोटातली ती पोरगी आता शाळेत जाते. मी आता औषध जपून वापरायची पत्रकं वाटत फिरते, पण कुणाच्याही बागेत गेले की पत्रक नंतर देते. आधी रिकामा डबा शोधून त्याच्या बुडाला खिळा ठोकते.