जायचो, यायचो आणि यूज्ड टू

चहा घ्या आधी, नाहीतर ऐकता ऐकता ठसका लागेल. मी माझ्या चांगल्या धडधाकट नवऱ्याला एका परक्या बाईसमोर मारून टाकलंय. तेही इंग्रजीत. आणि तो बिचारा माणूस त्या वेळी बाहेर झाडाखाली शेंगा खात माझी वाट बघत बसला होता.

झालं असं, की आमची पल्लवी लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि तिला दिवस गेले. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जावई दिवसभर कामावर. पहिलटकरीण पोर, परका मुलूख, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला हक्काचं माणूस नाही. पोरगी तोंडानं काही मागायची नाही. फोन ठेवताना फक्त म्हणायची, "आई, तू येशील ना?" तेवढ्यानं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मध्ये आडवा आला व्हिसा. मुंबईला जायचं, काचेपलीकडच्या साहेबापुढं उभं राहायचं आणि त्याला पटवायचं, की ही बाई लेकीच्या बाळंतपणाला चाललीय, कामधंदा करायला नाही, आणि सगळं उरकलं की गुमान जाफराबादला परत येणार आहे. नाही पटलं तर पोरगी तिकडं एकटी. पल्लवीनं मला बजावलं होतं, "आई, 'वर्क' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि तिथं दुभाषी असतो, मराठीतच बोल."

मराठीत? मी? अहो, मी तोवर इंग्रजीच्या क्लासला जायला लागले होते!

क्लास म्हणजे आमच्या साळवे मॅडम. शाळेतून रिटायर झालेल्या. दुपारी घरात सतरंजी टाकून आम्हा बायकांना शिकवतात. पैसे घेत नाहीत, आणि चुकलं तर हसतही नाहीत, हे त्याहून मोठं. त्या सांगायच्या, शुड म्हणजे केलेलं बरं, मस्ट म्हणजे केल्याशिवाय सुटका नाही, मे म्हणजे विचारून करणं. मी घरी येऊन ह्यांच्यावर सराव करायची. म्हटलं, "यू मस्ट ब्रिंग कोथिंबीर." हे म्हणाले, "मस्त आणतो." बरेच दिवस ह्यांना वाटत होतं, ही आपलं कौतुक करून राह्यली. मीही गैरसमज दूर केला नाही, कारण कोथिंबीर वेळेवर येत होती.

मग आलं यूज्ड टू. मॅडमनी समजावलं, "आधी करायचो, आता करत नाही, तिथं यूज्ड टू. आम्ही लहानपणी विहिरीत पोहायचो, आता पोहत नाही. आधी एसटीनं जायचो, आता जीपनं जातो." मला एकदम पटलं. मी मनाशी खूणगाठ बांधली, की जिथं जिथं यायचो, जायचो, करायचो ऐकू येईल तिथं यूज्ड टू ठोकून द्यायचं. मॅडम म्हणाल्या, यात एक गंमत आहे, ती उद्या सांगते, उद्याचा तास चुकवू नका.

आणि दुसऱ्या दिवशी मी गेले पिंपळगाव रेणुकाईला, भाचीच्या साखरपुड्याला. पुरणपोळी खाल्ली, गंमत राहिली.

ती गंमत तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी काय फजिती झाली ते कळेल. 'मी जायची' म्हणजे जुनी सवय, सुटलेली. पण 'मला जायचंय' म्हणजे अजून जाणं बाकी आहे. आपल्या मराठीत दोन्हीकडं ते 'यच' येतं, इंग्रजीत मात्र दोघांचा काही संबंध नाही. हे मला कोण सांगणार? मी पोळीवर तूप घेत होते.

तर मुंबई. मोबाइल आत नेता येत नव्हता, तो ह्यांच्या हातात दिला. काचेपलीकडं एक गोरी बाई होती, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं आधीच विचारलं, "मराठी?" मी मान ताठ करून म्हटलं, "नो. आय कॅन इंग्लिश."

तिनं विचारलं, कशाला जाताय. माझ्या मनात मराठी वाक्य तयार होतं, लेकीचं बाळंतपण करायचंय. करायचंय! लगेच यूज्ड टू बाहेर काढलं.

"डिलिव्हरी. आय यूज्ड टू डू डिलिव्हरी."

बाईला वाटलं, ही पूर्वी दवाखान्यात बाळंतपणं करायची. तिनं विचारलं, तुम्ही नर्स होता का, तिकडं काम करणार का. मला त्यातलं 'नर्स' आणि 'वर्क' एवढंच कळलं. पल्लवीनं बजावलेलं सगळं विसरले. म्हटलं, आळशी बाई समजायला नको.

"येस, येस. ऑल वर्क. कुकिंग, मसाज, बेबी बाथ. ऑल डे."

बाईचं हसू मावळलं. कीबोर्डवरचे हात थांबले. तिनं हळू आवाजात विचारलं, मग परत कधी येणार. मला दिवाळीच्या आत यायचंय, हे मी घरून घोकून गेल्ते. म्हटलं, "बिफोर दिवाळी, आय यूज्ड टू कम बॅक."

म्हणजे मी पूर्वी दर दिवाळीला परत यायची, आता येत नाही. तिनं माझा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. पासपोर्ट कोरा करकरीत. तिनं विचारलं, आधी कधी गेला होतात. मी अभिमानानं सांगितलं, फर्स्ट टाइम.

आता मलाही कळायला लागलं, की गाडी रुळावरून उतरलीय. बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मला पोरीचा आवाज ऐकू येत होता, तू येशील ना. आणि माणूस घाबरला की जे येतं तेच जोरजोरात बोलतो. बाईनं विचारलं, नवरा कुठं असतो. ह्यांना घरी राहायचंय, सोयाबीन बघायचंय, हे सांगायचं होतं. मी सगळा जोर लावला.

"हजबंड यूज्ड टू लिव्ह इन जाफराबाद. ही यूज्ड टू सी सोयाबीन."

बाईचा चेहरा मऊ झाला. काचेजवळ येऊन ती म्हणाली, "आय ॲम सो सॉरी. व्हेन डिड ही पास?"

मला वाटलं, बाई फारच खोलात शिरली. नवऱ्याचं शिक्षण कशाला हवंय हिला? पण सरकारी कामात खोटं बोलू नये.

"नो, नो. ही नॉट पास. टेन्थ फेल."

बाई माझ्याकडं बघतच राहिली. मी आणखी खरेपणा दाखवला. "टू टाइम."

मग तिनं हात वर करून कुणाला तरी बोलावलं. म्हटलं, संपलं, आता हाकलतात. पण आली एक मराठी बाई. म्हणाली, "काकू, घाबरू नका. सगळं मराठीत सांगा बरं." मी सांगितलं. सांगता सांगता रडायलाच आलं. ती ऐकत गेली, तोंडावर हात धरत गेली, आणि मग गोऱ्या बाईला तिनं एकेक वाक्य उलगडून दिलं. नवरा जिवंत असल्याचं कळल्यावर त्या बाईनं चक्क छातीवर हात ठेवला. सख्ख्या नात्यातल्या बायकांना सुद्धा ह्यांच्या जिवाची इतकी काळजी वाटली नसेल.

तिनं शेवटचं एकच विचारलं, परत का येणार. मी म्हटलं, "ह्यांना चहासुद्धा करता येत न्हाई हो. मी न आले तर मंग ह्यांचं कसं व्हायचं?" दुभाषी बाईनं तेवढं इंग्रजीत सांगितलं. गोरी बाई खळखळून हसली आणि व्हिसा दिला.

बाहेर येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी शेंगांची टरफलं झटकली, जरा विचार केला आणि म्हणाले, "मला मारलं ते जाऊ दे. पण दहावी नापास कामून सांगितलं?"

मी गेले. पल्लवीला मुलगी झाली, आणि तिचं पहिलं न्हाणं माझ्या ह्या हातांनी झालं. दिवाळीच्या आत परतसुद्धा आले. त्या काचेपलीकडच्या बाईच्या जागी दुसरी कुणी असती तर दोन मिनिटांत हाकललं असतं मला. तिचं नावही मला ठाऊक नाही. नातीला पाळण्यात घातलं त्या दिवशी देवापुढं दिवा लावून मी म्हटलं, त्या बाईचं भलं कर, त्या मराठी पोरीचं भलं कर आणि आमच्या साळवे मॅडमना उदंड आयुष्य दे. मॅडमनी उंबरठ्याबाहेर काढलं नसतं, तर त्या काचेपर्यंत जायची हिंमत माझ्यात कुठली?

म्हणून व्हिसा मिळाला त्या दिवशी फुटपाथवर उभं राहून पल्लवीनंतर पहिला फोन मॅडमनाच केला होता. व्हिसा मिळाल्याचं ऐकून त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, "मंदाताई, मंग बोललात ना इंग्रजी?"

मी म्हटलं, "मॅडम, आय यूज्ड टू स्पीक इंग्लिश."

मग मॅडम म्हणाल्या, "बिलकुल बराबर. यात एक चूक न्हाई."