उभी पेटी विकणे आहे

भोरमध्ये पियानो विकायला काढा, गिऱ्हाईक मिळो न मिळो, किस्से घरपोच येतात! आमचा अपराइट पियानो म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. हे गेले, मी पुण्याला लेकीच्या फ्लॅटवर निघाले, आणि तिथे जागा नाही. माझी अट एकच होती, पियानो वाजता राहिला पाहिजे. त्या खटपटीत ज्यांनी मला हसवलं, त्यांचे उपकार कसे फेडू?

*

जाहिरात शेजारच्या कुलकर्ण्यांनी लिहिली. "'अपराइट पियानो' इथे कुणाला कळणार, वहिनी?" म्हणत त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'उभी पेटी विकणे आहे. उत्तम राखलेली.'

पहिलाच फोन भाटघरहून. "हापूस हाय का पायरी?"

*

उत्तम राखलेली हे मात्र खरं. पावसाळ्यात तारा गंजू नयेत म्हणून हे पियानोच्या आत बारीक बल्ब लावून ठेवायचे. दूध घालणाऱ्या शेवंताबाई तो उजेड कित्येक वर्षं बघत होत्या. पियानो विकतेय म्हटल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, इकायच्या आदी कोंबडीची पिल्लं तेवढी काढून घ्या!"

*

सारोळ्याचे एक हॉटेलवाले आले. पियानोला प्रदक्षिणा घालून खूश झाले. "काउंटरशेजारी ठेवतो. वर फुलदाणी. फर्स्ट क्लास!"

"वाजवणार कोण?" मी विचारलं.

ते दचकले. "वाजतो व्हय? आवाज काढून टाकून मिळंल का?"

त्यांना पोहे खाऊ घातले आणि प्रेमानं निरोप दिला.

*

मग पासलीच्या भजनी मंडळाचे सखारामबुवा आले. जन्मभर बसून पेटी वाजवली, आता गुडघे मांडी घालू देईनात, म्हणून 'उभी पेटी' वाचून धावत आलेले. मागून-पुढून बघितलं. "वहिनी, भाता कुठंय?"

"भाता नसतो, बुवा. आत तारा असतात."

बुवांनी एकच पट्टी दाबली आणि सूर विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. ह्यांच्यामागे त्या घरात इतक्या मायेनं कुणी सूर ऐकला नव्हता. मला रडूच आलं. किमतीचं बोलणं चहा निवायच्या आत उरकलं.

*

टेम्पोवाल्या बाळूनं एक बाजू उचलून बघितली. "काकू, कपाटाच्या आतले कपडे काढा की आदी!"

चढवताना धक्का बसला, तारा घुमल्या, आणि बाळूसकट उचलणारे चौघेही जागच्या जागी थबकले. बाळू पियानोलाच म्हणाला, "चुकलं, माऊली!"

*

पुण्याला निघण्याआधी बुवांनी भजनाला बोलावलं. देवळात सगळा गाव. बुवा स्टुलावर बसून छानच वाजवत होते, पण सूर तुटक येत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "बुवा, उजव्या पायानं खालचा पेडल दाबा, सूर लांबेल."

बुवांनी दोन्ही पाय चटकन मागे घेतले. "वाद्याला पाय? त्योबी देवाम्होरं? न्हाई वहिनी, ह्ये न्हाई व्हायचं."

टाळ थांबले. आता पियानो कोपऱ्यात नुसता उभा राहणार!

तेवढ्यात बायकांमधून बुवांच्या पत्नी अनुसयाबाई उठल्या. पदर खोचला, बुवांच्या पायाशी मांडी घालून बसल्या, पेडलला नमस्कार केला आणि त्यावर तळहात ठेवला.

"म्या दाबते हातानं. कवा सोडायचा, तुमी निस्ती मान हलवा. हं, म्हणा आता!"