चांगदेवाने पारखलेली वॉकीटॉकीची जोडी

कशेळीच्या विहिरीवर त्या पावसाळ्यात दुसरा विषयच नव्हता. चांगदेव केण्याने खाडीपलीकडे बाई ठेवली आहे.

बातमी आणली गोदू मासळीवालीने. तिने पाहिलं होतं ते एवढंच की ओहोटीच्या वेळी चांगदेव तिवरांच्या झाडीतून बाहेर आला, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने काळे आणि चेहरा चोरासारखा. बाकीचा मजकूर विहिरीने पुरवला. सोमवारी ती बाई नुसती बाई होती. बुधवारी ती गोरी झाली. शुक्रवारी तिच्या नाकात नथ आली, आणि नागपंचमीपर्यंत तिला चांगदेवाच्या तोंडावळ्याचा एक मुलगाही झाला, तोही चालता-बोलता.

"आन गावानं वर्गणी काढून मशीन आनली ना," गोदू कळशी डोक्यावर घेत म्हणाली, "तिच्यावर रोज दिवेलागनीला त्या बाईशीच बोलतो. हॅलो हॅलो करतो. घरात बायकोला कधी धड हाक न्हाय मारली."

बायका फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात चांगदेवाची बायको धोंडूबाई घागर घेऊन आली, तशा सगळ्या एकदम भेंडीच्या भावाबद्दल बोलू लागल्या. धोंडूबाईला काय ते कळलं.

आता हा चांगदेव कोण, तर बैलांचा दलाल. पूर्णेपासून वडप्यापर्यंत कुणाला बैल घ्यायचा झाला की आधी चांगदेवाला सांगावा जायचा. तो यायचा, बैलाचे दात बघायचा, वशिंड दाबायचा, शेपटी पिळायचा, चार पावलं चालवायचा, आणि बाजूला थुंकून म्हणायचा, "घे," किंवा "नको." त्याने नको म्हटलेला बैल कुणी घेतलाच, तर तो बैलसुद्धा मनातून खजील व्हायचा. लोक म्हणत, चांगदेव मागल्या जन्मी बैल असणार. धोंडूबाई म्हणे, मागल्या कशाला?

खाडीच्या एका फाट्यापलीकडे जुवेपाडा नावाची वस्ती होती, पंधरा-वीस घरांची. चांगदेवाची एकुलती एक मुलगी मैना तिथे दिली होती. ओहोटीला चिखल तुडवत जाता येई, भरतीला होडी, आणि पावसाळ्याच्या उधाणात काहीच नाही. आदल्या वर्षी उधाणाने बांध फुटला, पाड्यातली घरं कंबरभर पाण्यात गेली, आणि कशेळीला ते कळलं दुसऱ्या दिवशी, शेळ्या वाहत आल्या तेव्हा. एक म्हातारा गेला. तेव्हापासून सरपंच रामनाथच्या डोक्यात वॉकीटॉकी बसली होती. त्याचा भाचा मिलिटरीत ड्रायव्हर. तो सांगे, एकाहत्तरच्या लढाईत जवान असल्या मशिनीवर मैलभरावरून बोलत होते, आणि तसली जुनी मशीनं मुंबईच्या भंगारबाजारात मिळतात. परवाना लागतो हे रामनाथला माहीत होतं. "पूर काय परवाना बघून येतो?" हे त्याचं त्यावरचं उत्तर.

वर्गणी जमली. मग प्रश्न आला, मशीन निवडायचं कुणी? शाळेचे मास्तर "मी जातो" म्हणाले, पण गावाला ते पटेना.

"मास्तर, तुम्ही पुस्तकं आना. वस्तू पारखायची तर चांगदेव," रामनाथने निकाल दिला.

चांगदेवाने नको म्हणायला हवं होतं. पण ज्याला आयुष्यभर 'तुझ्या नजरेला तोड नाही' असं ऐकायची सवय, त्याच्या तोंडून नको येतं कुठे? शिवाय मैनाला दिवस गेले होते. श्रावणात बाळंतपण, म्हणजे नेमकं उधाणात. ती मशीन दुसऱ्या कुणी निवडणं चांगदेवाला पटलंच नसतं.

भंगारबाजारात तो गेला आणि आपल्या पद्धतीने कामाला लागला. दुकानदाराने आधी एक मोठं खोकं दाखवलं. "ये सिर्फ सुनता है सेठ, पुलिस, जहाज, सबका सुनता है. बोलता नहीं."

"नवरा म्हनून बरा हाय," चांगदेव म्हणाला. "मशीन म्हनून नको."

मग दुकानदाराने कानाला लावायची हिरवट मशीनं मांडली. चांगदेवाने एकेक उचललं, पाठीवर थाप मारली, दांडी ओढून शेपटीसारखी पिळली, बोलायच्या जाळीत बोट घालून बघितलं. दात तेवढे सापडले नाहीत. दुकानदाराने दोन मशीनं पुढे केली. दोन्हींवर पांढऱ्या रंगात सात आकडा.

"ये लो. सात नंबर की जोडी है. एकदम पक्की."

इथे चांगदेव हसला. बैलबाजारातला पहिला धडा त्याला बापाने दिला होता: एका गोठ्यातले दोन बैल घेऊ नयेत. एकाला रोग लागला की दुसऱ्याला लागलाच समज. आणि दुसरा धडा: विकणारा जे पुढे करतो, ते सोडून बाकीचं बघ.

"हा सात नंबर घेतो," तो म्हणाला, "आन तिकडचा तो चार नंबर."

"अरे सेठ, जोडी मत तोडो! सात नंबर सात से बात करेगा. चार नंबर इससे बात नहीं करेगा."

"करेगा, करेगा," चांगदेव म्हणाला. असली थाप त्याने हजार बैलवाल्यांच्या तोंडून ऐकली होती. जुंपणार नाहीत, पटणार नाही, शिंगं लावतील. जुंपले की सगळे पटतात.

भाव ठरवायला त्याने खांद्यावरचा पंचा हातावर टाकला आणि बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे पंच्याखाली दुकानदाराची बोटं धरली. दुकानदाराने घाबरून हात काढून घेतला. "ये क्या कर रहे हो? बोलो ना मुँह से!" आजूबाजूचे दुकानदार हसले. चांगदेवाला राग आला. त्या रागात त्याने सात आणि चार उचलले, पैसे टाकले आणि निघाला.

"आपकी मर्जी," दुकानदार म्हणाला.

गावात मशिनींची पूजा झाली. दोघींना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग परीक्षा. देवळापाशी चांगदेव सात नंबर घेऊन उभा राहिला. तळ्याच्या पलीकडे जावई लडकू चार नंबर कानाला लावून. चांगदेवाने खटका दाबला आणि बैल बाजारात हरवल्यावर ओरडतात तसा ओरडला, "हॅलोऽऽ लडकू!"

"आलं! आलं ऐकू!" लडकू पलीकडून नाचला.

ऐकू येणारच. तो आवाज मशिनीशिवाय ठाण्यालाही गेला असता. पण गावाने टाळ्या पिटल्या, रामनाथने चांगदेवाला शाल घातली, आणि चार नंबर पाड्यात गेला.

पहिल्याच संध्याकाळी बांधावर उभं राहून चांगदेवाने खटका दाबला. मशिनीतून खरखर आली. अर्धा तास खरखर आली. मागे उभ्या असलेल्या लोकांना त्याने वळून सांगितलं, "बोलला लडकू. सगळं बेस हाय म्हनतो." पहिलं खोटं ते. कुणी वदवून घेतलं नाही, आपलं आपण तोंडातून पडलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो चिखल तुडवत पाड्यात गेला. कालवांच्या शिंपांनी तळपाय कापले. लडकू दारातच भेटला.

"मामा, माझा घसा बसला ओरडून. तुमचं काय न्हाय आलं."

"माझ्या कानात तुझंपन न्हाय."

"मग गावाला सांगून टाकूया ना."

"सांगू," चांगदेव म्हणाला. "जरा थांब."

त्याने लडकूकडून चार नंबर घेतला, दोन्ही मशीनं पिशवीत घातली आणि भिवंडी गाठली. तीनबत्तीजवळच्या एका रेडिओवाल्याने दार लोटून घेतलं, खोकी उघडली आणि हसू दाबत सांगितलं, "चाचा, इसके अंदर का क्रिस्टल अलग, उसका अलग. एक इधर मुँह करके बैठा है, एक उधर. ये जिंदगीभर बात नहीं करेंगे. किसने चुना?"

"गावातला एक मानूस हाय," चांगदेव म्हणाला.

मुंबईच्या भंगारबाजारात परत गेला, तर सात नंबरचा जोडीदार केव्हाच विकला गेला होता. दुकानदाराने त्याला ओळखलं आणि मान दुसरीकडे वळवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार नंबर त्याने लडकूला परत दिला, कुणाला सांगू नको म्हणून बजावलं, आणि त्या दिवसापासून चांगदेवाचा दिनक्रम ठरला. ओहोटी लागली की गुपचूप तिवरांतून पाड्यात जायचं, मैनाची, इतरांची खबर घ्यायची, परत यायचं, पाय धुवायचे, आणि दिवेलागणीला बांधावर उभं राहून खरखर ऐकत ती खबर गावाला सांगायची. "हिऱ्याच्या म्हातारीचा ताप उतरला. मैनाची तब्येत बेस हाय." गाव खूश. एवढी चांगली मशीन भिवंडीत कुणाकडे नाही! रामनाथ तर ठाण्याच्या पाहुण्यांना मुद्दाम बांधावर आणून दाखवी. दर शाबासकीला चांगदेवाला वाटे, अंगावरची शाल ओली होऊन जड होत चालली आहे. आषाढातल्या उधाणात पलीकडे जाताच आलं नाही, तेव्हा त्याने मनानेच सांगून टाकलं, "ठीक हाय." नशिबाने ठीक होतं. 

आणि मग विहिरीवरची ती बातमी.

धोंडूबाईने आठ दिवस गिळलं. मग एका दुपारी भाकरी ताटात आपटून विचारलं, "कोन हाय ती?"

"कोन?"

"पलीकडची. लोनच्याची बरनी माझ्या फडताळातून गेली. तिला डोहाळे लागलेत का तुमच्या?"

चांगदेवाने तोंड उघडलं. 'लोणचं मैनाला नेलं' एवढंच म्हणायचं होतं. पण मग 'चालत का गेलात, मशीन आहे ना' हा प्रश्न आलाच असता. आणि त्यामागून सात नंबर, चार नंबर, आणि दुकानदाराचं ते 'जोडी मत तोडो'. त्याने तोंड मिटलं आणि भाकरी कुस्करली.

धोंडूबाईने त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. ती भिंतीकडे तोंड करून रडली. चांगदेव बसून राहिला. बाहेरख्याली म्हटलं तर चालेल, पण पारख चुकली असं कुणी म्हणता कामा नये, इतकं नीच आपलं मन आहे हे त्याला त्या दुपारी स्वच्छ दिसलं. दिसूनही तो बोलला नाही. याची लाज त्याला मशिनीपेक्षा जास्त वाटली, पुढे कायम वाटत राहिली.

श्रावणातली अमावास्या आली. पाऊस दोन दिवस उसंत घेत नव्हता, वरून उधाण. दुपारी पाणी बांधाच्या डोक्याला लागलं. पलीकडचा पाडा पावसात दिसेनासा झाला. सगळं गाव बांधावर जमलं. रामनाथची मोठी होडी खुंटाला धडका देत होती.

"चांगदेवदादा," रामनाथ म्हणाला, "विचार तिकडं. असल्या पान्यात होडी घालायची म्हंजे चार मानसांचा जीव. घरं सुकी असतील तर उगा कशाला? पानी शिरलं असंल तर आत्ता निघू. तुझ्या मशिनीवर हाय सगळं."

चांगदेवाने मशीन कानाला लावली. खरखर. गर्दीतून धोंडूबाई पुढे आली. कित्येक दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"तुमची ती कोन असंल ती असू दे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझी पोर कशी हाय, तेवढं इचारा."

'ठीक हाय' जिभेवर आलं होतं. सवयीने आलं होतं. चांगदेवाने मशीन कानावरून खाली घेतली.

"ही बोलत न्हाय," तो म्हणाला.

"वीज पडली का काय हिच्यात?"

"कधीच बोलली न्हाय, रामनाथ. पयल्या दिवसापासून. मी चालत जात व्हतो, खबर घ्यायला."

 मग मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. रामनाथ लालबुंद झाला. तरी माणूस चांगला. त्याने स्वतःच पळवाट काढून दिली. "फसवला तुला त्या मुंबईवाल्यानं. दुसरं काय."

चांगदेवाला ती पळवाट फार आवडली. क्षणभर तो तिच्या तोंडाशी उभाही राहिला.

"न्हाय," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं व्हतं. जोडी तोडू नको म्हनून. मीच तोडली. एका गोठ्यातले नकोत म्हनून."

या वेळी हसू कुणालाच दाबता आलं नाही. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी छत्री आडवी धरली आणि पलीकडे बघत राहिले.

"शिव्या परत आल्यावर घालीन," रामनाथ ओरडला. "आता काय कळायचा मार्ग न्हाय, म्हंजे जायलाच पायजे. होडी सोडा!"

चांगदेव न विचारता वल्ह्यावर बसला.  पाड्यात पोचले तेव्हा घरांत कमरेइतकं पाणी होतं, बायका-पोरं माळ्यावर, मैनाला कळा सुरू झालेल्या. आणि लडकू दाराबाहेर छातीभर पाण्यात उभा राहून, चालत नाही हे पक्कं माहीत असूनही, चार नंबरच्या मशिनीत ओरडत होता, "मामा, होडी पाठवा! मामा, होडी पाठवा!"

सगळे वाचले. दोन खेपा कराव्या लागल्या. मैना कशेळीला पोचून बाळंत झाली, मुलगी झाली.

रामनाथने कबूल केल्याप्रमाणे शिव्या घातल्या, भरपूर. चांगदेवाने शाल घडी घालून परत नेऊन दिली. रामनाथने ती घेतली. बैल पारखायला त्यानंतर लोक बोलवायला येत, पण बोलवताना गालातल्या गालात हसत, आणि चांगदेव दात बघता बघता मध्येच थांबून म्हणे, "मास्तरांनाबी इचारून घ्या." हळूहळू लोक यायचे थांबले. कशेळीत आजही कुणी विकणाऱ्याचं ऐकलं नाही, तर 'चांगदेवाचा हॅलो' म्हणतात.

नात झाली त्या संध्याकाळी धोंडूबाई तिला शेकत बसली होती. चांगदेव उंबऱ्यावर, आत यावं की नाही या विचारात. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, तळव्यांवरच्या जुन्या-नव्या चिरांकडे.

"माझ्याजवळ तरी बोलायचं व्हतं," ती म्हणाली.

चांगदेवाने पाय धोतराखाली ओढून घेतले.

गोदूने मात्र ती बातमी मागे घेतली नाही. म्हणून सांगायचं ते एवढंच. खाडीपलीकडे बाई नव्हती. चांगदेव केणे आपल्या मुलीकडे जात होता, कारण त्याने निवडलेली मशीनं चालत नव्हती आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.