संग्रहालयातलं माझं लुगडं

त्या संग्रहालयाच्या रस्त्याने मी अजून जात नाही. नुसतं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील, आमचे नायना, घरच्या मागावर माझ्यासाठी हिरवं लुगडं विणायला बसले. जन्मभर व्यापाऱ्यांसाठी विणलं, हे पहिलंच घरचं. अर्धं झालं आणि नायना गेले. उरलेलं मी विणते, असं अम्मा म्हणाली. तिला सगळं येत होतं.

तेवढ्यात शहरात नवं कलासंग्रहालय निघालं. आणीबाणीचे दिवस. दादा कचेरीत कारकून. साहेबांनी जुना माग मागितला आणि या शूरवीराने तो लुगड्यासकट देऊन टाकला! अम्मा देवळातून आली तर घरात माग नाही, नुसता त्याच्याखालचा पाय सोडायचा खड्डा. दादा म्हणाला, "अर्धंच छान दिसतं म्हणाले." छान दिसतं म्हणे! तुझ्या बायकोचं असतं तर दिलं असतंस का, असं मी विचारलं.

उद्घाटनाला आम्हाला बोलावलं ते फोटोसाठी. मंत्री भाषणात म्हणाले, हे संग्रहालय समाजाचं आहे. समाज बाहेर दोरीपलीकडे उन्हात उभा होता. आत फरशी फोडून माग बसवला होता, त्यावर अम्माला बसवलं. तिने धोटा उचलताच तिथला साहेब धावला.

"बाई, विणायचं नाही. नुसता हातात धरा."

"पोरीच्या लग्नाचं हाय की हे. पुरं करून देते, मग माग ठेवा तुमी."

"आता ती संग्रहालयाची वस्तू आहे."

अम्माने धोटा खाली ठेवला. मंत्र्यांनी फीत कापलेली कात्री शेजारी तबकात होती. ती उचलून अम्मा मागावरचे ताणलेले धागे कराकरा कापत सुटली. दादा "अम्मा, अम्मा" करत पुढे झाला, मी त्याचा दंड धरला. चांगला जोरात धरला. लुगडं खांद्यावर टाकून अम्मा बाहेर पडली. फोटोवाल्यांसमोर तिला अडवायला कोणी धजलं नाही.

अम्माने घराची अब्रू घालवली, असं दादा आजही म्हणतो. मागावर आता बाजारातली चादर ताणून बसवली आहे म्हणे, आणि लोक कौतुकाने बघतात. संताप येतो नुसता.

लग्नात मी गिरणीची साडी नेसले आणि तो हिरवा तुकडा खांद्यावरून घेतला. याला पदर कसा नाही, असं सासूबाईंनी विचारलं. पदरापर्यंत नायना पोचलेच नव्हते.