सरांची एक ओळ

निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या आमच्या घरी सकाळची पूजा आटोपली, की मी सूनबाईच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसत असे. तिचा पीएच.डी.चा प्रबंध तेव्हा पूर्ण होत आला होता. अत्यंत घट्ट खडकातून वायू कसा वाहतो, हे ती संगणकावर गणिताने उभे करून पाहत होती.

"बाबा, रुंद नळीत वायू भिंतीलगत थांबतो असं धरतात," तिने मला समजावले होते. "पण इथली छिद्रं इतकी बारीक, की वायूचे कण एकमेकांपेक्षा भिंतीवरच जास्त आपटतात. मग तिथं ते थांबत नाहीत, घसरत पुढे जातात."

सूक्ष्माविषयी मी आयुष्यभर संस्कृतातून शिकवले. ते कोणी मोजते, हे तेव्हा प्रथम कळले.

अडचण अशी होती, की प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यातून जितका वायू प्रत्यक्ष जाई, त्याहून तिच्या संगणकात नेहमी कमी जाई. पंधरवड्यात मेळ बसला नाही, तर तीन वर्षांच्या श्रमांचे ते प्रकरण प्रबंधातून गाळावे लागणार होते. एके सकाळी तिचे डोळे भरलेले पाहून मी संकोचतच म्हणालो, "पाठशाळेत आम्ही वेदमंत्र क्रमाने म्हणत असू. पहिले पद दुसऱ्यासह, मग दुसरे तिसऱ्यासह. डोळ्याला निसटलेले कानाला सापडते. तुझा प्रोग्राम तसा वाचशील? अर्थ मराठीत सांग."

स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अहो, माझी वाणसामानाची यादी कधी धड वाचली नाहीत, आणि आता कॉम्प्युटर?"

"तुझ्या यादीत चूक नसते."

"हो, ती आणण्यात असते!"

सूनबाई हसली आणि वाचू लागली. तिसऱ्या दिवशी दोन ओळी जोडीने आल्या: भिंतीलगतचा वेग घसरणीनुसार काढ, छिद्र अतिबारीक असल्यास तो वेग शून्य धर.

सवयीने माझा हात वर गेला. "थांब. आत्ताच वेग दिलास, आणि बारीक छिद्रांचा लगेच काढून घेतलास?"

तिने पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. "ही ओळ सरांची आहे, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांची. त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम मला दिला. मी माझ्या ओळी मध्ये घातल्या, पण त्यांच्या ओळींना हात नाही लावला, बाबा."

गुरुमुखातून आलेल्या पाठातले एक अक्षरही मी कधी हलवले नाही. तिच्या जागी मीही तेच केले असते. मी म्हणालो, "हा पाठ या खडकासाठी सांगितलेला होता का, हे त्यांनाच विचार."

तिने भीत भीत फोन लावला. सरांचे हसणे मला खुर्चीपर्यंत ऐकू आले. "अगं, ती वाळूच्या थरासाठी होती! तिथं बारीक छिद्रं सोडून दिली तरी चालतं. काढ, काढ ती!"

दुपारपर्यंत आलेखावरची तिची रेषा वर सरकून प्रयोगशाळेच्या ठिपक्यांना येऊन भिडली. कमी दाबाच्या टोकाला थोडे अंतर राहिले. तेही तिने प्रामाणिकपणे नोंदवले. प्रकरण प्रबंधात राहिले.

दुसऱ्या दिवशी पूजेत मी दोन फुले अधिक वाहिली. एक माझ्या गुरुजींसाठी, ज्यांनी मला पदे जोडीने म्हणायला लावली. दुसरे त्या सरांसाठी, ज्यांना आपली ओळ खोडली जाताना मनापासून हसू आले.