उत्तर न देणाऱ्यांसाठी एक नियम

गुडगावला आमच्या ऑफिसच्या पुढे काच होती आणि मागे मोहरीचं शेत. इमारत नवी, रस्ता अर्धा झालेला, वीज दिवसातून कितीतरी वेळा जायची आणि जनरेटर सुरू झाला की टेबलावरचा चहा थरथरायचा. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे मी दिल्लीतच वाढलेली. रोज सकाळी कंपनीच्या बसने धौला कुआंचा चौक मागे टाकून इथे यायचे.

आमची कंपनी तारेशिवाय वेगवान इंटरनेट पोचवणारी यंत्रं बनवायची. गच्चीवर अँटेना, घरात एक लहानशी पेटी. उंच सोसायट्या शेतांत भराभर उभ्या राहत होत्या, पण टेलिफोनच्या तारा तिथवर पोचल्याच नव्हत्या. आमच्याकडे सगळे यंत्रांच्या मागे असत. सर आणि मी मात्र नियम लिहीत होतो. इंटरनेटचे जुने नियम तारांसाठी केलेले. तेच हवेतून चालवायचे तर काय बदलावं लागेल, हे जगभरचे अभियंते ईमेलवर वाद घालून ठरवत होते आणि त्यातल्या एका मसुद्यावर आम्हा दोघांची नावं होती.

सर सोलापूरकडच्या एका गावातले. लष्करात सिग्नल्सला होते, तिथून निवृत्त होऊन इथे आलेले. बाकीच्यांशी फौजी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. त्यांचे निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. एकदा म्हणाले, "आधी कानोसा घ्यायचा, मग बोलायचं."

"कानोसा म्हणजे काय, सर?"

ते बघतच राहिले. "दाराबाहेर उभी राहून आत कोणी आहे का, ते ऐकतेस ना? तो कानोसा. घरात बोलत नाहीत का गं तुमच्या?"

आमच्या मसुद्यातला वाद नेमका त्यावरच होता. इंटरनेटवर येणारं प्रत्येक यंत्र एक पत्ता घेतं. घेण्याआधी ते सगळ्यांना विचारतं, हा पत्ता कोणी वापरतंय का? थोडा वेळ वाट बघतं, उत्तर आलं नाही की पत्ता आपला समजतं. तारेवर हे ठीक चालतं. पण हवेतल्या जाळ्यात यंत्रं बॅटरी वाचवायला झोपतात, आणि झोपलेल्याला प्रश्न ऐकूच जात नाही. मग सिग्नल पाठवणाऱ्या मनोऱ्याजवळच्या यंत्राने झोपलेल्यांची नोंद ठेवावी आणि त्यांच्या वतीने उत्तर द्यावं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. भांडण पुढे होतं. हाक मारूनही जो उत्तर देत नाही, त्याची नोंद पुसायची केव्हा?

बहुतेकांचं म्हणणं, लगेच पुसा. जागा अडते, कामं अडतात. सर म्हणायचे, नाही. आधी पुन्हा हाक मारा, थांबून थांबून मारा. एका अमेरिकन अभियंत्याने लिहिलं की या आग्रहामागे तांत्रिक कारण दिसत नाही. ते वाचून मी सरांना म्हटलं, "सर, बात तो ठीक ही कह रहे हैं. आपण एवढं का ताणतोय?"

आम्ही तेव्हा एका अर्धवट सोसायटीच्या गच्चीवर होतो, अँटेनाची दिशा बघायला. दुपार होती, उन्हाळ्यातला तापलेला वारा, लू, सुरू झालेला. समोर टॉवरच टॉवर, बहुतेक खिडक्यांना काचासुद्धा नव्हत्या. सर कठड्याला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले.

तरुणपणी ते एका बर्फाळ मुलखात होते. वरच्या एका चौकीवर दोन जवान, खाली वायरलेसवर सर. वादळ सुरू झालं आणि चौकीकडून उत्तर येणं थांबलं. सर हाका मारत राहिले. मग त्यांनीच ठरवलं की आता तिथे कोणी उरलेलं नाही. चॅनल दुसऱ्या चौक्यांसाठी मोकळा केला. वादळ ओसरल्यावर तुकडी वर गेली तेव्हा दोघांपैकी एक जिवंत सापडला. साताऱ्याकडचा होता.

"सेटचा बोलायचा भाग गेला होता त्यांचा," सर म्हणाले. "ऐकायचा चालू होता. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर म्हणाला, 'साहेब, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुमचा आवाज होता तोवर माझा जोडीदार पण बसून होता. तुम्ही हाका मारायचं का थांबवलंत?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

ते कठड्यावरून खाली बघत म्हणाले, "अँटेना जरा डावीकडे घे."

त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घातला नाही. उलट तांत्रिक कारणं शोधायला लागले आणि ती सापडली. झोपलेलं यंत्र जागं झालं आणि त्याचा पत्ता दुसऱ्याने घेतलेला असला, तर दोघांचंही काम बंद पडतं. हे आम्ही सरांच्या घरच्या पेटीवरच तपासलं. त्याच सोसायटीत, खूप वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. त्यांच्या मजल्यावर दुसरं कोणीच नव्हतं. लिफ्टमधून बाहेर पडलं की रिकाम्या फ्लॅटांमधून वारा वाहताना ऐकू यायचा. काकू म्हणायच्या, "आधी वाटायचं कोणीतरी बोलतंय. आता सवय झाली."

परदेशातल्या बैठकीला सर जाणार होते. तिकीट निघालं होतं. एका रविवारी सकाळी ते दूध आणायला खाली निघाले. खाली लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ते आत भिंतीला टेकून बसलेले होते. गार्डने राम राम केला, थोडं थांबून परत केला. त्याला वाटलं, साहेब दमलेत. दार मिटलं आणि लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा वर गेली.

सरांचा तेरावा झाला आणि बैठकीला मी गेले. एका हॉटेलातला लांबट हॉल, लॅपटॉपवर वाकलेली माणसं. मी सरांची मांडणी जशीच्या तशी मांडली, फक्त चौकीची गोष्ट सोडून. तो अमेरिकन अभियंताही होता. त्याने दोन प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, हे आता पटतंय.

त्या बैठकांमध्ये हात वर करत नाहीत. मान्य असेल त्याने तोंड मिटून हुंकार द्यायचा आणि अध्यक्षांनी आवाजाच्या जोरावरून कौल ओळखायचा. हे सरांनी मला सांगितलं होतं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं आणि हॉलभर एक खोल घुमणारा आवाज उठला. कोणाचेच ओठ हलत नव्हते. डोळे मिटले असते तर त्यात ओळखीचा एक आवाज मला वेगळा काढता आला असता. मी डोळे मिटले नाहीत. विरोधाचा हुंकार मागितला तेव्हा हॉल गप्प होता.

परत आल्यावर मी मनोऱ्याची नोंद तपासत होते. यादीत सरांच्या घरची पेटी दिसली, 'झोपलेली' म्हणून. ती काकूंनी काढली नव्हती. मी सहज म्हणून तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला द्यायचा प्रयत्न केला. लगेच उत्तर आलं, पत्ता वापरात आहे. उत्तर मनोऱ्याचं होतं, नियम आम्हीच लिहिलेला, तरी मी खुर्ची मागे सरकवून उठले आणि पँट्रीत जाऊन उभी राहिले. नंतर कितीतरी आठवडे तो प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दरवेळी तेच उत्तर.

आमचा मसुदा पुढे काटछाट होऊन मंजूर झाला. पुन्हा हाक मारण्याचं कलम त्यात राहिलं. पण बाजार दुसऱ्याच तंत्राकडे वळला आणि कंपनीने आमचं जाळं गुंडाळायचं ठरवलं. मॅनेजर म्हणाला, "बस, स्विच ही तो ऑफ करना है यार." मी त्याच्याकडून एक दुपार मागून घेतली आणि काकूंना फोन केला.

"काकू, आज जाळं बंद करतोय आम्ही. ती पेटी आता चालणार नाही."

त्या म्हणाल्या, "बंद करायच्या आधी एकदा हाक मारता येते का तिला? ते इथून बघायचे. दिवा लुकलुकतो म्हणायचे."

मी हाक पाठवली. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. मी परत पाठवली.

"लागला गं," काकू म्हणाल्या. "हिरवा."

"हो. इकडे उत्तर आलं."

फोन चालू ठेवूनच मी मनोरा बंद केला. त्या म्हणाल्या, हिरवा विझला, शेजारचा लाल दिवा अजून तसाच आहे. मी सांगितलं, तो फक्त विजेचा दिवा, तो राहील.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. त्या मजल्यावर आता एक कुटुंब राहायला आलं होतं, दाराबाहेर लहान मुलांच्या चपला होत्या. काकूंच्या खिडकीतल्या ज्या स्टुलावर पेटी असायची ते रिकामं होतं, वायरही नव्हती. चहात आलं घालू का, एवढं विचारून त्या आत गेल्या.