नाताळच्या आदल्या दिवशी, कराडच्या स्टँडवर

त्या डिसेंबरात मी रोज प्रार्थना करत होते, पण ती कुणी ऐकतंय असं मला वाटत नव्हतं. सकाळी आणि संध्याकाळी गुडघे टेकायचे, ओळखीचे शब्द ओठांवर यायचे, आणि 'आमेन' म्हणून उठताना वाटायचं, आपण रिकाम्या खोलीत बोललो. हे सांगणार तरी कुणाला? मी मिशनरी होते. दुसऱ्यांना धीर द्यायला घर सोडून आलेली मुलगी, आणि माझाच धीर सुटत चालला होता.

आमच्या पंथाला लोक मॉर्मन म्हणतात. महाराष्ट्रात आम्ही इतके थोडे आहोत की नाव सांगितल्यावर पुढचा माणूस हमखास 'काय?' असं विचारतो. आमच्यात तरुण मुलंमुली स्वखुशीनं काही काळ घर सोडून सेवेला जातात. मुलींसाठी हा काळ दीड वर्षाचा असतो. कुठं जायचं ते आपण ठरवायचं नाही, जिथं पाठवतील तिथं जायचं. दोघीदोघींच्या जोड्या असतात आणि आपल्या जोडीदारणीला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. मी जालन्याची. मला सातारा मिळालं, आणि जोडीला मिळाली करुणा. ती राजमहेंद्रीजवळच्या एका खेड्यातली तेलुगू मुलगी, माझ्याहून लहान. मराठीचं एक अक्षर तिला येत नव्हतं आणि हिंदी जेमतेम. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकींशी बोलायचो.

साताऱ्यात आमची भाड्याची खोली होती. कुणाच्या दारात जाऊन धर्म सांगायचा नाही, कुणी आपणहून विचारलं तरच बोलायचं, असं आम्हाला बजावलेलं होतं. दिवसभर आम्ही एमआयडीसीतल्या कामगारांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना औषधं, भाजी आणून द्यायचो. लोक प्रेमानं चहा पुढं करायचे आणि आम्हाला नाही म्हणावं लागायचं, कारण आमच्यात चहा पीत नाहीत. साताऱ्यासारख्या गावात चहाला नाही म्हणणं किती अवघड आहे, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. 'बरं वाटत नाही का?' इथपासून 'आमच्या घरचा चालत नाही का?' इथपर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागायचं. तरी माणसं चांगली होती. दुःख कुणी दिलेलं नव्हतं, ते माझ्या आतच होतं.

डिसेंबर लागला आणि घर आठवायला लागलं. आमच्याकडे नाताळच्या आधी आठवडाभर घरात करंज्यांचा वास असतो. भाऊ गच्चीवर कागदी चांदणी टांगतो. गल्लीतली माणसं घरोघरी गाणी म्हणत फिरतात आणि वडील दाराशी उभे राहून प्रत्येकाला आत बोलावतात. मी या पंथात गेले ते वडिलांना फारसं रुचलेलं नव्हतं. अडवलं नाही, पण निघताना ते एवढंच म्हणाले होते, "नाताळला घरात एक माणूस कमी दिसेल." ते वाक्य रोज आठवायचं. इकडे करुणा दररोज घरी व्हिडिओ कॉल करून रडायची. तिला जवळ घ्यायचं सोडून मीच तोंड फिरवून डोळे पुसायचे. मनाशी ठरवून टाकलं होतं की नाताळ झाला की मिशनच्या अध्यक्षांना फोन करायचा आणि सांगायचं, मला घरी जाऊ द्या, हे माझ्याच्यानं होत नाही.

आमच्या पंथाची मोजकी कुटुंबं सांगलीला होती. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी सॅम्युअलकाकांच्या घरी जमायचं ठरलं होतं. काका हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होते, त्यांचं घर मोठं नव्हतं पण अंगण होतं. करुणाचा आवाज फार गोड, म्हणून गाणी तिनं म्हणायची होती. सकाळी आम्ही साताऱ्याहून एसटीत बसलो. मला दोन दिवसांपासून सर्दी होती, निघताना गोळी घेतली होती. करुणानं बसमध्येही घरी फोन लावला आणि बोलता बोलता तिच्या फोनची बॅटरी संपली. मी तो माझ्या पिशवीत टाकला. बाहेर उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. त्या बघता बघता माझा डोळा लागला.

जागी झाले तेव्हा शेजारी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. क्षणभर मला काही उमगेना. मग मी उठून सगळी बस पाहिली, पुढून मागपर्यंत. करुणा नव्हती. त्या बाईनं सांगितलं की ती कराडला चढली, जागा मोकळीच होती. कंडक्टर म्हणाले, कराडला गाडी थांबली तेव्हा काही प्रवासी खाली उतरले होते, पण दोघी सोबत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. करुणाचा फोन माझ्या पिशवीत, पैसे माझ्या पिशवीत, आणि माझा नंबर तिला पाठ नाही. कंडक्टर भले माणूस होते. त्यांनी कराडच्या कंट्रोलरना फोन लावला, लाऊडस्पीकरवरून पुकारा करायला सांगितलं. पुकारा मराठीत होणार होता. तो तिला कळणार नाही हे मला माहीत होतं. थोड्या वेळानं तिकडून निरोप आला की अशी कुणी मुलगी स्टँडवर दिसत नाही. पुढच्या थांब्यावर, इस्लामपूरला मी उतरले आणि समोरून येणारी कराडची गाडी पकडली.

परतीचा तो रस्ता मला अजून आठवतो. उन्हं छान पडली होती, शेतांत ऊसतोड चालू होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अनोळखी गाव, भाषा येत नाही, एकटी पोर. तिच्या आईचा चेहरा मी फोनच्या पडद्यावर रोज पाहत होते. त्या माउलीला काय सांगायचं? मी प्रार्थना करत होते, पण ती प्रार्थना म्हणजे नुसती अटींची यादी होती. ती स्टँडवरच असू दे, तिला चांगलं माणूस भेटू दे, आम्हाला वेळेत पोहोचू दे.

कराडच्या स्टँडवर मी सगळे फलाट पाहिले. चौकशीच्या खिडकीशी, बायकांच्या स्वच्छतागृहापाशी, उपाहारगृहात, रिक्षा थांब्यावर विचारलं. एका फुलवालीनं सांगितलं की अशी एक मुलगी गाडीच्या मागं गेटाबाहेर पळत गेली होती, पुढचं तिला माहीत नव्हतं. कंट्रोलर म्हणाले, अजून थोडा वेळ बघू, मग पोलीस चौकीत कळवू. मी एका बाकावर बसले.

तिथं, गाड्यांच्या आवाजात, माझ्याकडची सगळी वाक्यं संपली. मागायला काही उरलं नाही. मी मनात एवढंच म्हणाले, "स्वर्गीय पित्या, ती तुझी आहे. मीही तुझीच आहे. मला काही येत नाही." शब्द संपले तरी मी तशीच बसून राहिले. काही दिसलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. फक्त छातीतली धडधड हळूहळू कमी झाली, इतकी की मला माझा श्वास ऐकू येऊ लागला. आणि त्या शांतपणात एक अगदी साधी गोष्ट सुचली. करुणाला माझा नंबर पाठ नाही, पण स्वतःचा तर असेल! मी उठून उपाहारगृहात गेले, गल्ल्यावरच्या माणसाला विनंती करून तिचा फोन चार्जिंगला लावला. तो सुरू झाला, आणि मी हातातून खाली ठेवायच्या आत वाजला.

पलीकडून एका बाईचा ठसठशीत आवाज आला. "आवं, तुमी त्या तेलगू पोरीच्या संगच्या का? पोर हाय माज्यापाशी. काळजी करू नगा. कवाधरनं फोन लावतोय, लागंचना."

त्या होत्या शालनमावशी. एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नी, कराडजवळच्याच खेड्यात राहणाऱ्या. बहिणीकडे आल्या होत्या आणि बहिणीचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी धावतच तिथं पोहोचले. करुणा ओसरीवर बसली होती, अंगावर मावशींची शाल, समोर ताटात भाकरी आणि वांग्याचं कालवण. मला पाहून ती उठली आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मी झोपेत होते म्हणून मला न उठवता ती कराडला स्वच्छतागृहात गेली होती, आणि बाहेर येईपर्यंत गाडी हलली होती. मावशींच्या बहिणीनं सवयीनं चहा ठेवला होता. मी नको म्हणताना अडखळले, तर मावशीच म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गं, दूध दे त्यांस्नी. कारण त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना ते लागलंही नाही.

मग त्यांनी मला झालेलं सांगितलं. त्या गेटापाशी भाजी घेत होत्या. ही पोर रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती. माणसं गोळा झाली होती, कुणी मराठीत विचारत होतं, कुणी हिंदीत, आणि ती आणखीच भेदरत होती. मावशीही निघूनच जाणार होत्या. तेवढ्यात तिच्या तोंडचा एक शब्द त्यांच्या कानावर पडला. करुणा घाबरली की 'येसय्या, येसय्या' म्हणते. तेलुगूत येशूला लाडानं अशी हाक मारतात.

"त्यो शब्द मला म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांची बदली सिकंदराबादला झाल्ती. मी नवी नवरी, गावाबाहीर कवा पाय टाकला न्हवता. लगीच ह्यांस्नी सरहद्दीकडं धाडलं आन मी तितं येकटी. तापानं लय फणफणले. सांगायचं कुणाला? शेजारच्या क्वार्टरात एस्तेर म्हणून बाई हुती, तुमच्यावानी येशूला मानणारी. तिला मराठी येत न्हाई, मला तेलगू येत न्हाई. रातंदिस उशाशी बसली माज्या. पेज भरवायची आन म्हणायची, येसय्या, येसय्या. मला आपलं वाटायचं, तिच्या ल्योकाचं नाव आसंल."

त्या हसल्या. 'येसय्या' एवढा शब्द करुणालाही कळला होता, तीही हसली. पुढं एस्तेरबाईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्यांची गाठ पुन्हा पडली नाही. शिकवलेली चार तेलुगू वाक्यं तेवढी मावशींजवळ राहिली. 'एडवकू अम्मा', रडू नको बाळ, हे त्यातलंच एक. गेटापाशी त्यांनी करुणाचा हात धरून तेच म्हटलं होतं.

"मी म्हणलं, ही एस्तेरचीच कोण तरी हाय," त्या म्हणाल्या. "मग कशी सोडू हिला?"

मी त्यांच्या पाया पडले.

मावशींना घरी न्यायला आलेले त्यांचे यजमान, सुभेदारकाका, मावशींसह आम्हाला स्टँडवर घेऊन गेले. सांगलीच्या गाडीत त्यांनी आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं, आणि कंडक्टरला फौजी आवाजात बजावलं की या दोन्ही लेकी माझ्या आहेत, दोघींनाही सोबतच उतरव. मावशींनी खिडकीतून शेंगा आणि गुळाची ढेप दिली. सांगलीत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ठरलेली वेळ टळून गेली होती, पण कुणी जेवलं नव्हतं की कुणी गाणं सुरू केलं नव्हतं. अंगणात चटया अंथरून सगळी वाट पाहत बसली होती. करुणा पाणी प्यायली आणि लगेच गायला उभी राहिली. तेलुगू कुणालाच येत नव्हतं. तरी सॅम्युअलकाकांच्या म्हाताऱ्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

मग काकांनी शुभवर्तमानातली जन्माची कथा वाचली. ही कथा मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले. त्या संध्याकाळी मात्र पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की मरीया तेव्हा घरापासून लांब होती, परक्या गावात, दिवस भरलेले, आणि कुठंच जागा नव्हती. तरी कुणीतरी तिला गोठ्याची वाट दाखवली असेल. कुणीतरी गुरं बाजूला सारून ताजा कडबा पसरला असेल. त्या माणसाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. त्याला कदाचित कळलंही नसेल की आपण कुणासाठी जागा केली.

अध्यक्षांना मी फोन केला नाही. घरची आठवण थांबली असं नाही, जानेवारीतही मी रडले, पण करुणाच्या सोबत रडले, तोंड फिरवून नाही. दीड वर्ष पुरं करूनच मी जालन्याला परतले. या सगळ्याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मी कुणाला पटवायला जात नाही. एका बाईनं कितीतरी वर्षांपूर्वी सिकंदराबादच्या एका क्वार्टरमध्ये आजारी शेजारणीच्या उशाशी बसून देवाचं नाव घेतलं होतं. ते कुठं पोहोचणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या प्रार्थना रिकाम्या खोलीत जात नव्हत्या, एवढं मला त्या दिवशी समजलं. खोली माझ्या समजुतीपेक्षा खूप मोठी होती, आणि तिची दारं माझ्या हातात नव्हती.

आता मी प्रार्थनेला बसते तेव्हा पहिल्यांदा माझ्या अडचणी सांगत नाही. आधी मावशींचं नाव घेते, मग एस्तेरबाईंचं, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसते. जे द्यायचं ते देणारा जाणतो. त्याचे उपकार मोजायला माझ्यापाशी शब्द नाहीत, आणि आता ते शोधायची घाईही राहिलेली नाही.